कोटमास्तरांचा पहिला फ्रॉक

कोटमास्तरांच्या हातचा कोट अंगात घातला की पोक काढून चालणारा माणूसही सरळ होतो, असं गल्लीत सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांत मास्तरांचा स्वतःचा आवाज सगळ्यात मोठा असे, ही गोष्ट वेगळी. उंचीने बेताचे, अंगाने काटकुळे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि गळ्यात कायम मापाची टेप. जेवायला बसतानाही टेप गळ्यातच. ती आमटीत बुडायची, मग मास्तरीणबाई ती काढून धुवायच्या आणि वाळत घालताना जे काही पुटपुटायच्या ते मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत.

उभा जन्म त्यांनी पुरुषांचे कोट शिवले. कोट, जाकीट आणि कोणी अगदीच गळ घातली तर त्यावरची पँट. शर्ट शिवायला आलेल्या गिऱ्हाईकाला ते समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवत. लहान मुलाचा कपडा घेऊन कोणी आलं तर काही बोलत नसत, चष्म्यावरून नुसते बघत, तेवढं पुरायचं. त्यांची स्वतःची लेक लहान होती तेव्हा तिची झबली, फ्रॉक, टोपरी सगळं मास्तरीणबाईंनी दुपारची कामं उरकून हाताने शिवलं. मास्तर दुकानातून आले की त्यातला एखादा टाका उचलून बघत, उसासा टाकत आणि हातपाय धुवायला जात. त्या उसाशाचा राग मास्तरीणबाईंनी अजून जपून ठेवला होता.

पण त्यांच्या कामाला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती. मास्तर माप घेत ते मोठ्याने पुकारत, आणि दुकानात एकटे असले तरी पुकारत. कोट आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचा, गिऱ्हाईकाच्या अंगावर चढवायचा, खडूने खुणा करायच्या, सगळा उसवायचा आणि मग पक्की शिलाई. याला ते ट्रायल म्हणत. ट्रायलशिवाय त्यांनी कधी कोणाला कोट दिला नाही. एका नवरदेवाने घाई केली तर त्याला सांगितलं होतं, लग्न पुढे ढकल, ट्रायल पुढे जाणार नाही.

पुढे तयार कपड्यांची मोठी दुकानं झाली, मास्तरांचे गुडघे बोलायला लागले आणि दुकान बंद झालं. शिवणयंत्र आणि कापड बेतायचं लांबरुंद टेबल घरी आलं. बसायच्या खोलीत आता बसायला जागा उरली नाही. मास्तर सकाळी उठून आंघोळ करून त्या टेबलापाशी उभे राहायचे. यंत्राला तेल घालायचे, पुसायचे, परत तेल घालायचे. शेजारचे कोणी पँट आखूड करायला आणून द्यायचे, तेवढा पाणउतारा ते मुकाट्याने गिळायचे. बोलणं कमी झालं होतं. मास्तरीणबाईंना आमटीत बुडालेली टेपसुद्धा आता बरी वाटायला लागली होती.

अशात लेक आली, टिल्लीला घेऊन.

लेक नर्स. तिची बदली याच गावच्या इस्पितळात झाली होती, आणि जावई जहाजावर, म्हणजे सहा-सहा महिने पाण्यात. टिल्लीला तिसरं लागलं होतं. काडीसारखी मान, त्यावर हे एवढं डोकं आणि डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. बोलायला लागली होती, पण सगळं नाही. जे बोलायची ते हुकूम सोडल्यासारखं बोलायची. लेकीने आल्या आल्याच आईला सगळं मोकळेपणाने सांगितलं. इस्पितळाजवळ एक खोली मिळते आहे, खालच्याच मजल्यावर पाळणाघर आहे. घरमालकीणबाई महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार आहेत. टिल्ली इथे रमली तर इथेच राहू, नाहीतर ती खोली आहेच.

मास्तर तेव्हा यंत्राला तेल घालत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण एकही शब्द सोडला नाही.

खरं सांगायचं तर मास्तरांनी पहिल्या आठवड्यातच पोरीवर जीव टाकला होता. सकाळी टिल्लीला जाग यायची वाट बघत ते उगाच ती झोपायची त्या खोलीवरून फेऱ्या मारायचे. ती टेबलाखाली बसून चिंध्यांशी खेळायची तेव्हा तिला धक्का लागू नये म्हणून तासन् तास पाय आखडून उभे राहायचे आणि मग मास्तरीणबाईंकडून गुडघ्यांना तेल चोळून घ्यायचे. पण हा जीव दाखवायचा कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कडेवर घ्यायला गुडघे नाहीत, गोष्ट सांगायला तोंड नाही. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट येत होती. शेवटी त्यांनी ठरवलं की टिल्लीला एक फ्रॉक शिवायचा, आणि असा शिवायचा की लेकीने ती खोली विसरून जावी.

मखमलीचा एक गडद निळा तुकडा त्यांनी कोणा बड्या गिऱ्हाईकाच्या जाकिटासाठी आणून ठेवला होता. तो बाहेर निघाला. कधी नव्हे ते त्यांनी एका बाबतीत नियम मोडला: ट्रायल घ्यायची नाही. सगळ्यांना एकदम चकित करायचं. म्हणून टिल्ली दुपारी झोपली असताना त्यांनी तिची मापं घेतली. छाती, खांदा, बाही, उंची. पुकारायची सवय सुटेना, म्हणून कुजबुजत पुकारली. मास्तरीणबाई दारातून बघत होत्या. काहीतरी सांगायला त्या पुढे आल्या, तर मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि एकदम तयार झाल्यावरच बघ म्हणून सांगितलं. त्या मूग गिळून परत गेल्या.

फ्रॉक झाला तो मात्र बघत राहावा असा. आतून रेशमी अस्तर, बाह्यांना बारीक चुण्या, शिवण कुठे आहे ते शोधूनही सापडू नये, आणि एका बाजूला टिल्लीच्या मुठीएवढा चोरखिसा. गळा मास्तरांनी कोटाच्या हिशेबाने काढला होता, मानेला असा लागून की मधून वारा जाऊ नये. पाठीला हुक लावले तर मखमलीची घडी बिघडेल, म्हणून उघडं कुठेच ठेवलं नव्हतं.

लेकीच्या सुट्टीच्या दिवशी फ्रॉक बाहेर आला. लेक बघतच राहिली. टिल्लीने मखमलीवरून हात फिरवला, गाल घासला आणि स्वतःहून दोन्ही हात वर केले. मास्तरांनी फ्रॉक वरून घातला. हात बाह्यांत गेले. आणि डोकं कपाळाशी अडकलं.

मास्तरांना वाटलं, कुठे घडी पडली असेल. त्यांनी खालून हलकेच ओढलं. फ्रॉक आणखी घट्ट बसला. आतून आधी एक हुंकार आला, मग रडणं, मग घराच्या भिंती हलतील असा आक्रोश. टिल्लीला हात खाली घेता येईनात, काही दिसेना, मखमल तोंडावर आलेली. लेक धावली, तिने वर ओढून बघितलं, तर कानांपाशी अडकून तेही जमेना. पोरीचा श्वास लागलेला बघून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी टेबलावरची मोठी कातर उचलली, गळ्यातून दोन बोटं आत घालून टिल्लीचं कपाळ झाकलं आणि फ्रॉक पुढून एका दमात उभा कापून काढला. मखमलीकडे बघितलंसुद्धा नाही.

टिल्ली बाहेर आली ती घामाने निथळत, लाललाल होऊन. अंधारातून बाहेर आल्यावर तिला पहिल्यांदा दिसला तो आबांचा, म्हणजे मास्तरांचा, घाबरलेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यापुढे उघडी कातर. ती आईच्या गळ्याला अशी चिकटली की संध्याकाळपर्यंत सुटली नाही.

लेक तिला घेऊन आत गेल्यावर मास्तर कापलेला फ्रॉक मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. गळ्यावरून बोट फिरवत म्हणाले, "गळ्याचं माप तर बरोबर होतं."

"गळ्याचं होतंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गळ्यापर्यंत पोचायच्या आधी डोकं लागतं वाटेत. जन्मभर पुढून उघडे कोट शिवलेत, डोकं नावाचा अवयव तुमच्या धंद्यात नव्हताच."

"तुला माहीत होतं?"

"मला विचारलंत कुठे?"

एवढं घडल्यावर टोमणा मारायचा हक्क बाईंचा होता, पण त्यांनी तो तेवढ्यावरच सोडला आणि नवऱ्याला चहा आणून दिला.

खरे हाल पुढे सुरू झाले. टिल्ली डोक्यावरून काही म्हणता काही घालून घेईना. बनियन नको, झगा नको, टोपी तर दाखवायचीही सोय नाही. पुढून बटणांचा एकच सदरा होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी दमट असला तरी तोच घालायचा. त्याहून वाईट म्हणजे तिने आबांचं नावच टाकलं. ते खोलीत आले की ही आजीच्या मागे. कातरीचा आवाज आला की कानांवर हात. टेबलाखाली येऊन बसणं कायमचं बंद झालं. दिवसभर आजीला धरून बसायची, त्यामुळे मास्तरीणबाईंच्या नाकी नऊ आले. भाजी चिरायची तरी एका हाताने.

लेक रागावली नव्हती. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ती जवळ येऊन बसली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा, तुमचा काही दोष नाही. पण आईची ओढाताण मला बघवत नाही. ही अशीच राहिली तर महिनाअखेरीला ती खोली घेऊन टाकते. पाळणाघरात चार मुलांत विसरेल."

विसरेल म्हणजे काय विसरेल, हे मास्तरांनी विचारलं नाही.

मग त्यांनी एकेक करून बघितलं. लाळेरं शिवलं, मागून बांधायचं; टिल्लीने ते मांजराला दिलं. कानटोपी शिवली, हनुवटीखाली गाठ मारायची, पूर्ण उघडणारी. ती बघूनच तिने भोकाड पसरलं. शेवटी त्यांनी एक पिशवी शिवली, खांद्याला अडकवायची, बाहेरून तीन खिसे आणि आतून दोन. ती तिच्या हातात द्यायच्या भानगडीत ते पडले नाहीत. खुर्चीवर ठेवली आणि बाहेर निघून गेले. परत येऊन बघतात तर पिशवी टिल्लीच्या खांद्यावर, प्रत्येक खिशात एकेक चिंधी आणि एकात आजीचा चमचा. तिने आबांकडे बघितलं नाही, पण मागेही लपली नाही. त्या दिवशी मास्तर दोन घास जास्त जेवले.

कातर त्यांनी आता कपाटात बंद केली होती. टिल्ली झोपली की काढायची, उठायच्या आत परत ठेवायची. पण तो गळा त्यांच्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं हाताखालून इतकी माणसं गेली आणि आपल्याला माणसाचं डोकं दिसलंच नाही, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. म्हणून एके दुपारी त्यांनी जुन्या अस्तराच्या कापडातून स्वतःच्या मापाचा एक झगा बेतला. त्याच हिशेबाने, तसाच गळा. नेमकं कुठे अडतं ते अंगावर घालून बघायचं होतं.

ते कळलं. अगदी चांगलं कळलं. हात बाह्यांत गेले, डोकं कपाळाशी अडकलं आणि मास्तर खोलीच्या मधोमध हात वर करून उभे राहिले. पुढे होईना, मागे होईना. स्वतःचाच गरम श्वास तोंडावर येत होता. चष्मा एका कानावरून निसटून नाकावर आडवा झाला होता. मास्तरीणबाईंना हाक मारली असती तर एका मिनिटात सुटले असते, पण पुढची वीस वर्षं ते ऐकून घ्यावं लागलं असतं. ते तसेच उभे राहिले. त्या अंधारात त्यांना पहिल्यांदा समजलं की पोरगी नुसती हट्टी नव्हती. इथे सगळं बंद होतं. बाहेर आपलं माणूस आहे की नाही हेसुद्धा आतून कळत नाही. मास्तरांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात पावलं वाजली. छोटी, थांबत थांबत येणारी.

"टिल्ली," मास्तर आतून म्हणाले, "मी अडकलो गं."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग अस्तराला खालून एक हिसका बसला. मग दुसरा. मास्तर गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसले, म्हणजे तिचा हात पोचेल. टिल्लीने दोन्ही मुठींत कापड धरलं, पाय रोवले आणि ओढलं. झगा, चष्मा आणि आबांचे चार केस असं सगळं एकदम बाहेर आलं आणि ती मागच्या मागे बसली. समोर आबांचा चेहरा होता, लाललाल आणि घामेजलेला, डोक्यावरचे उरलेले केस उभे. तिने तो नीट न्याहाळला. हा चेहरा तिच्या ओळखीचा असावा.

"घाबलू नको," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पलत."

मास्तर परत अडकले. त्या दुपारी किती वेळा अडकले त्याला हिशेब नाही. दुसऱ्या दिवशी टिल्ली झोपेतून उठून तडक टेबलापाशी आली, झगा ओढून आणला आणि आबांच्या अंगावर टाकला. रोजचा कार्यक्रमच झाला. आबा अडकायचे, ती सोडवायची, आणि दर खेपेला घाबलू नको म्हणून धीर द्यायची. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून हसत असत, आणि आता हे काही वीस वर्षं ऐकवायचं राहिलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटही वाटत असे.

काही दिवसांनी मास्तर अडकलेल्या अवस्थेतच म्हणाले की हा गळा जरा लहान आहे, मोठा करावा लागेल, कातर आणू का? टिल्लीने विचार केला. "छोटी," ती म्हणाली. मग दोरे कापायची इवलीशी कातर आली आणि टिल्लीच्या देखरेखीखाली गळा बोटभर वाढला. तरी अडकलं. आणखी बोटभर वाढला. टिल्लीच्या लक्षात आलं की कातर लागली की आबा लवकर सुटतात. मग तिनेच गळ्यातली टेप ओढून घेतली, आबांच्या डोक्याला गुंडाळली आणि माप पुकारलं, "सात." कंबर सात, कान सात, नाकही सातच निघालं. मास्तरांनी सगळं मान्य केलं.

"आता माझं," ती म्हणाली.

मास्तरांनी तिला टेबलावर उभं केलं. त्यांनी टेप तिच्या कपाळावरून, कानांच्या वरून, कुरळ्या जंगलामागून फिरवली आणि जन्मात पहिल्यांदा ते माप पुकारलं. "डोकं," ते म्हणाले, आणि आकडा इतक्या मोठ्याने सांगितला की स्वयंपाकघरात मास्तरीणबाईंच्या हातातला डाव थांबला.

नवा फ्रॉक साध्या सुती कापडाचा होता, धुऊन मऊ झालेल्या. दोन्ही बाजूंना खिसे, गळा मोठा, आणि शिवाय एका खांद्यावर उघडं, तिथे दोन बटणं. ती कुठे लावायची हे मास्तरांनी या वेळी बायकोला विचारलं. मास्तरीणबाईंनी फार भाव न खाता दाखवलं. फ्रॉक कच्च्या टाक्यांनी जोडून झाला आणि ट्रायल सुरू झाली. पहिल्या दिवशी टिल्लीने त्यात नुसता हात घालून बघितला. दुसऱ्या दिवशी डोकं घातलं आणि लगेच काढलं. मास्तर समोर बसून राहिले. खोडकर गिऱ्हाइकं त्यांनी पुष्कळ बघितली होती, पण इतक्या आदराने कोणासमोर बसले नव्हते. घाई नाही, असं ते सारखं म्हणत होते, आणि महिना तर संपत आला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी लेक कामावरून आली. अंगावर अजून इस्पितळाचा गणवेश, पाय सुजलेले. दारातच थबकली. टिल्ली टेबलावर उभी होती आणि तिचं डोकं फ्रॉकच्या आत होतं. कोणी तिला हात लावत नव्हतं. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. मग गळ्यातून केस आले, कपाळ आलं, एक डोळा आला, आणि मग सगळी टिल्ली बाहेर आली. फ्रॉकवर पांढरे कच्चे टाके सगळीकडे दिसत होते. तिने खिशात हात घातले आणि आईकडे बघितलं.

"आता आई," तिने हुकूम सोडला.

आबांचा अस्तराचा झगा लगेच हजर झाला. लेक हसत खाली बसली आणि तिने मान पुढे केली. गळा आता पुष्कळ वाढला होता, पण तिचा अंबाडा आडवा आला आणि ती आत अडकली. टिल्लीला तेच हवं होतं. टेबलावरून उतरवून घेऊन ती आईला सोडवायला धावली.

मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांना आता राहवेना. "त्या खोलीचं काय केलंस गं?" त्यांनी विचारलं. "आज शेवटचा दिवस ना?"

मास्तर हातात सुई धरून होते. ते सुईकडेच बघत राहिले.

"नको म्हणून सांगितलं," अस्तराच्या आतून लेकीचा आवाज आला. "सकाळीच सांगून आले."

टिल्ली दम खाऊन परत ओढायला लागली. मास्तरांनी सुई कापडात खोचून ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यांना येत होतं ते एकच.

"थंडी येतेय," ते म्हणाले. "हिला एक कोट शिवायला घेऊ का?"

"घ्या ना, बाबा." लेक आतच होती. बाहेर यायची तिला घाई दिसत नव्हती. "पण अगदी मापात नको. वाढत्या अंगाचा शिवा. इथून बालवाडीत जाईल, मग शाळेत जाईल."

"किती वाढवू?" मास्तरांनी विचारलं.

"जेवढं कापड असेल तेवढं," ती आतून म्हणाली.